पॅरिसमधील ठरल्या भावाचे जेवण

पॅरिसमधील भोजनगृहात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या भारतीयाची गडबड एका साध्या शब्दाने होते. पदार्थांची आणि त्यांच्या दरांची जी यादी आपण ‘मेन्यू’ म्हणून मागतो, तिला फ्रेंच लोक ‘कार्त’ म्हणतात. ‘मेन्यू’चा तेथील अर्थ निराळा आहे. ठरावीक पदार्थ, ठरावीक क्रमाने आणि एकाच ठरलेल्या किमतीत मिळणारे संपूर्ण जेवण म्हणजे मेन्यू. दुपारी बाराच्या सुमारास शहरातून फेरफटका मारला, तर दाराबाहेर काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले असे मेन्यू जागोजागी दिसतात. त्यात आरंभीचा पदार्थ, मुख्य पदार्थ आणि शेवटचे गोड असते, आणि खाली एकच आकडा लिहिलेला असतो. तीनऐवजी दोनच पदार्थांची जोडी असेल तर तिला ‘फॉर्म्यूल’ म्हणतात.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्याच्या थाळीगृहात आपण हेच करतो. ताटात काय येणार हे ठरलेले असते, भाव ठरलेला असतो, आणि ‘हे नको, ते द्या’ याला फारसा वाव नसतो. फरक एवढाच की आपल्या थाळीत सर्व पदार्थ एकाच वेळी समोर येतात, आणि तिकडे एक पदार्थ संपल्यावर दुसरा येतो. तीही पद्धत फ्रान्समध्ये पूर्वापार नव्हती. पूर्वी तेथील श्रीमंतांच्या मेजवानीत अनेक पदार्थ एकदमच मांडले जात. एकामागून एक पदार्थ आणण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि तिला आजही ‘रशियन पद्धत’ म्हणतात.

व्यापारी वाचकांच्या मनात लगेच येणारा प्रश्न असा की, रात्री ज्या भोजनगृहात बसण्यासाठी खिसा मोकळा करावा लागतो, तेच भोजनगृह दुपारी त्याहून पुष्कळ कमी भावात जेवण का देते? हिशेब सरळ आहे. जागेचे भाडे, आचाऱ्यांचे पगार आणि भट्टीचा खर्च दोन्ही वेळा लागतोच. रात्रीची टेबले आपोआप भरतात, दुपारची रिकामी राहू शकतात. एकच ठरलेला मेन्यू ठेवला की किती माल आणायचा हे आधी कळते, नासधूस कमी होते आणि हाताखालच्या माणसांचे काम आटोपशीर होते. शिवाय दुपारी आलेले गिऱ्हाईक समाधानाने गेले, तर पुढे रात्रीही येते. मालाचा उठाव मंदावला की दुकानदार जो विचार करतो, तोच हा विचार आहे. तेथील आणखी दोन नियम आपल्या माणसांना सुखावणारे आहेत. लिहिलेल्या किमतीत सेवाशुल्क धरलेलेच असते, आणि जेवणासोबतचा पाव व नळाचे साधे पाणी यांचे वेगळे पैसे लावता येत नाहीत.

या शहराचा आणि ‘रेस्टॉरंट’ या संस्थेचा संबंध फार जुना आहे. हा शब्दच मुळी पॅरिसने जगाला दिला. फ्रेंच भाषेत त्याचा मूळ अर्थ ‘शक्ती परत आणणारे’ असा. अठराव्या शतकात अशक्त माणसांना देण्यासाठी जो दाट रस्सा विकला जाई, त्याचे हे नाव होते. सन १७६०च्या दशकात पॅरिसमध्ये तो रस्सा देणारी दुकाने निघाली आणि पदार्थाचे नाव पुढे दुकानाला चिकटले. हा रस्सा मांस व हाडे तासन्‌तास उकळून काढलेला असे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे, कारण आजच्या फ्रेंच पाककलेच्या पायाशी तोच आहे. त्याला ते ‘फाँ’, म्हणजेच पाया, म्हणतात. वरून निव्वळ भाजीचे दिसणारे सूप किंवा साधा भात पुष्कळदा याच पाण्यात शिजलेला असतो.

त्याआधीच्या खाणावळीत ठरल्या वेळी, ठरल्या भावात, सर्वांनी एकाच लांब मेजावर बसून समोर येईल ते जेवायचे, अशी चाल होती. रेस्टॉरंटने प्रत्येकाला स्वतंत्र टेबल दिले आणि निवड दिली. निवड हा त्या काळी नवा शोध होता. आज मोठमोठी भोजनगृहे पुन्हा ठरलेल्या जेवणाकडे वळली आहेत आणि गिऱ्हाईक निवडीचा हक्क आपण होऊन आचाऱ्याच्या हाती सोपवते.

मोठेपणाचे मोजमापही फ्रान्सचेच. मिशलँ ही टायर तयार करणारी कंपनी. लोकांनी मोटारी घेऊन हिंडावे, म्हणजे टायर झिजतील, अशा व्यापारी हेतूने तिने १९००मध्ये प्रवाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. १९२६पासून तीत उत्तम भोजनगृहांना तारा देण्यास आरंभ झाला, आणि १९३१मध्ये दोन व तीन ताऱ्यांची श्रेणी आली. आज जगभरचे आचारी त्या ताऱ्यासाठी आयुष्य वेचतात.

या ताऱ्यांच्या जगात गेल्या पंचवीस वर्षांत एक घटना घडली, जिची दखल आपल्या समाजाने घ्यावी असे मला वाटते. पॅरिसच्या र्‍यू द वारेन या रस्त्यावर, शिल्पकार रोदँच्या संग्रहालयाजवळ, ‘आर्पेज’ नावाचे भोजनगृह आहे. आलँ पासार या आचाऱ्याने ते १९८६मध्ये सुरू केले आणि १९९६मध्ये त्याला तीन तारे मिळाले. मांस भाजण्यात पासार यांची ख्याती होती. त्याच माणसाने २००१मध्ये तांबडे मांस आपल्या स्वयंपाकघरातून काढून टाकले आणि भाजीला मुख्य पदार्थाचे स्थान दिले. भाज्यांसाठी त्यांनी स्वतःचे मळे केले. मग जुलै २०२५मध्ये त्यांनी मासे, अंडी, दूध, लोणी हेही सोडले. आता तेथे जे शिजते ते वनस्पतीचेच. अपवाद एकच, त्यांच्या स्वतःच्या पोळ्यांतील मध.

ही वार्ता वाचून माझ्या मनात प्रथम आनंद आला, आणि मागोमाग विचार आला की आपला श्रावक तिथे जेवू शकेल काय? पासार यांचा एक गाजलेला पदार्थ म्हणजे जाड्या मिठाच्या कवचात भाजलेले बीट. म्हणजे त्यांनी दूध सोडले, जे आपण घेतो. आणि कंद व मध ठेवला, जो आपण सोडतो. दोघांच्याही मनात जीवदयाच असते, पण त्याग्य काय याची रेषा वेगवेगळ्या ठिकाणी पडलेली असते.

ही रेषा प्रत्यक्ष जेवणाच्या टेबलावर कशी दिसते, याचा अनुभव आम्हाला गेल्या फेब्रुवारीत आला. इचलकरंजीचा आमचा कापडाचा धंदा आहे. पॅरिसच्या ईशान्येस व्हिलपांत येथे कापडाचे जे मोठे प्रदर्शन वर्षातून दोनदा भरते, त्याला वडील, म्हणजे आमचे आण्णा, आणि मी अनेक वर्षे जातो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि खाखऱ्यांचे डबे असतात. आण्णांचा रात्रिभोजनत्याग तारुण्यापासूनचा आहे. कंदमूळ, मध, मद्य यांचा प्रश्नच नाही. पाणी गाळून, उकळून निववलेले. परदेशात आजवर त्यांनी फळांखेरीज बाहेरचे काही घेतले नव्हते.

लियाँचे एक व्यापारी एकोणीस वर्षे आमचा माल घेत आहेत. ते दोनदा इचलकरंजीला आले, आमच्या घरी पाटावर मांडी घालून बसले, पुरणपोळी जेवले. आण्णांनी मात्र त्यांच्या देशात त्यांच्याबरोबर एकही घास घेतला नव्हता. प्रत्येक वर्षी ते आमंत्रण देत आणि प्रत्येक वर्षी आण्णा हात जोडून नकार देत. यंदा त्यांनी कळवले की आपण आता निवृत्त होत आहोत, धंदा मुलगी पाहील, आणि शेवटी एक वाक्य लिहिले : आपल्या घरी मी जेवलो आहे, माझ्या देशात एकदा तरी माझ्यासोबत बसावे.

हे पत्र आण्णांनी दोन दिवस टेबलावर तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, “नियम मोडणार नाही. पण नियम सांभाळून जाता येत असेल, तर न जाणे हा अविनय होईल. तू चौकशी कर.”

मी चौकशी केली. पॅरिसमध्ये आता अशी काही भोजनगृहे आहेत, ज्यांच्या स्वयंपाकघरात मांस, मासे, अंडी येतच नाहीत. सीन नदीच्या डाव्या तीरावरचे तसे एक निवडले. नाव मुद्दाम देत नाही, कारण हा लेख कोणाची जाहिरात नव्हे. दुपारचा पाच पदार्थांचा मेन्यू, माणशी ६५ युरो, म्हणजे आपल्या सात हजारांच्या आतबाहेर. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले. काय चालत नाही याची यादी दिली : जमिनीखाली वाढणारे सर्व काही, कांदा, लसूण व त्यांच्या जातीचा लीक, अळंबी, मध, मद्य व त्यापासून केलेला सिरका, आणि किड्यांच्या भीतीने फुलकोबी. त्याखाली काय आनंदाने चालते त्याची त्याहून लांब यादी दिली : सर्व धान्ये, सर्व डाळी, पालेभाज्या, भोपळा, कोबी, फळे, सुका मेवा.

येथे ऋतूचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे फेब्रुवारीत मंडई भरलेली असते. युरोपात हा काळ नेमका कंदांचा. गाजर, सलगम, बीट, बटाटा, सेलरीचा गड्डा यांवरच तेथील हिवाळा निघतो, कारण बर्फाखालीही कंद टिकतो आणि तळघरात महिनोन्‌महिने राहतो. आमचे गुजराती व राजस्थानी मित्र उन्हाळ्यात युरोपला जातात आणि टोमॅटो, काकडी, वाल, वाटाण्यांवर सुखाने राहतात. हिवाळ्यात जाणाऱ्याची खरी परीक्षा होते. त्यांच्या ठरलेल्या पाच पदार्थांपैकी तीन कंदांचे होते.

दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले. नकार नव्हता. पाच दिवस आधी कळवल्यामुळे वेगळे पदार्थ करता येतील, किंमत तीच राहील, असे लिहून त्यांनी आम्हालाच दोन प्रश्न विचारले होते. पहिला प्रश्न आंदीवचा. ही फिकट पिवळसर पानांची लहान गड्डी फ्रेंचांच्या हिवाळी ताटात नेहमी असते. पान जमिनीवरचे खरे, परंतु त्यासाठी चिकोरीचे मूळ शेतातून उपटून आणतात, अंधाऱ्या खोलीत पुन्हा रोवतात आणि त्यावर फुटलेला कोंब खुडतात. हे चालेल काय? दुसरा प्रश्न त्याहून मार्मिक होता. आपल्या यादीत बीट वर्ज्य आहे, आणि आमच्या देशातील साखर तर बहुतेक बीटाचीच असते. मग गोड पदार्थात काय घालावे?

हा दुसरा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी काढला नव्हता. आपल्याकडे साखर म्हणजे उसाची हे इतके गृहीत असते! बीटात साखर आहे हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्ग्राफ यांनी १७४७मध्ये दाखवले. पुढे नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांच्या आरमाराने समुद्र अडवला, वेस्ट इंडीजच्या उसाची साखर फ्रान्सला मिळेना, तेव्हा त्याने बीटाच्या लागवडीला उत्तेजन दिले. बेंजामँ देलेसेर या उद्योगपतीने पॅरिसजवळच्या पासी येथे १८१२मध्ये बीटाची साखर यशस्वी करून दाखवली, तेव्हा नेपोलियनने त्याचा गौरव केला. आज फ्रान्स हा युरोपातील बीटाच्या साखरेच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. मिठाई, बिस्किटे, मुरंबे यांतून तीच साखर सर्वत्र जाते.

आण्णांनी दोन्ही प्रश्न मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, “साखरेत कंदाचा अंश उरत नसेलही. पण तिच्यासाठी कंद उपटलाच ना? आंदीव नको, बीटाची साखर नको.” थोड्या वेळाने पुढे म्हणाले, “ज्याने एवढे विचारले, त्याच्या हातचे जेवायला हरकत नाही.” भोजनगृहाने रेयूनियाँ बेटावरील उसाची साखर वापरण्याचे कबूल केले. हे बेट हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस आहे, फ्रान्सच्या ताब्यात आहे आणि उसासाठी प्रसिद्ध आहे.

ठरल्या दिवशी सव्वाबारा वाजता आम्ही चौघे बसलो. फेब्रुवारीत तिथे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि रात्रीची भोजनगृहे साधारण सात-साडेसातला उघडतात, तेव्हा दुपारच्या जेवणाखेरीज आम्हाला मार्गच नव्हता. खोली लहान, टेबले बारा-तेरा, आवाज हळू. आण्णांसाठी उकळून निववलेल्या पाण्याचा काचेचा चंबू आधीच ठेवलेला होता. लियाँच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या कन्येने सांगितले की आम्हीही आण्णांचाच मेन्यू घेणार. त्यांनी मद्यही मागवले नाही.

मालकाच्या दृष्टीने हे टेबल तोट्याचेच म्हणायचे, कारण अशा भोजनगृहांची खरी कमाई पेयांवर असते. वागणुकीत मात्र त्याची छाया दिसली नाही.

प्रथम आला भोपळ्याचा पातळ, नितळ रस्सा. भोपळ्याच्या साली आणि बिया मंद आचेवर शिजवून गाळलेला, वर भाजलेल्या चेस्टनटचे काप. ज्या शहरात ‘रेस्टॉरंट’ हा शब्द हाडांच्या रश्श्यावरून पडला, तिथे त्याच जागी हा रस्सा पाहून मला समाधान वाटले. आंबवलेल्या पावाऐवजी त्यांनी कुट्टूच्या पिठाची, त्याच वेळी तव्यावर घातलेली धिरडी दिली होती. ब्रिटनी प्रांतात ही धिरडी नित्याची आहेत. आण्णांनी एक तुकडा मोडून हातात उलटून पाहिला आणि म्हणाले, “हे तर आपलेच.”

दुसरे ताट कोवळ्या हिरव्या पानांचे, संत्र्याच्या फोडी आणि अक्रोडाचे तेल घातलेले; आंबटपणासाठी सिरक्याऐवजी लिंबू. तिसरे ताट ल प्युई भागातील बारीक हिरव्या मसुरीचे, पालकासह. ज्वालामुखीच्या मातीत पिकणारी ही मसूर शिजल्यावरही मोडत नाही. चौथा पदार्थ कोबीची पाने उकडून त्यांत सारण भरून केलेला होता. फ्रान्सच्या खेड्यांतील हा जुना पदार्थ, एरवी मांसाचे सारण घालून करतात. येथे कुट्टूचे दाणे, चेस्टनट आणि वाळवलेले जर्दाळू होते. शेवटी स्वतःच्याच रसात शिजवलेले नाशपाती आणि बदामाची दाट साय, त्या दूरच्या बेटावरच्या साखरेने गोड केलेली. पदार्थ वाढणारी मुलगी प्रत्येक वेळी त्यात काय आहे ते थोडक्यात सांगे. आण्णांनी पाचही ताटे घेतली. प्रत्येकातले घेतले तेवढे संपवले, आणि शेवटी सवयीप्रमाणे ताटलीत थोडे पाणी घालून ती धुऊन प्याले. शेजारच्या टेबलावरील बाई पाहत होत्या. लियाँच्या गृहस्थांनी हे आमच्या घरी पाहिलेले होते. त्यांनी आपलीही ताटली तशीच धुऊन घेतली.

जेवताना बोलणे आपोआप अन्नावर आले. कंद का नको, असे कन्येने विचारले. आण्णा मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत सांगत होतो. फळ काढले तरी झाड उभे राहते, कंद काढला की रोप संपते. एका कंदात अनंत जीवांचा वास मानला आहे. आणि माती उकरताना तिच्यातील जीव मरतात ते निराळे. तिने विचारले, “मसूर काढतानाही रोप जातेच की?” आण्णा म्हणाले, “ते आपले आयुष्य पुरे करून वाळलेले असते. तरीही हिंसा अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. गृहस्थाला पूर्ण अहिंसा साधत नाही. कमी करीत जायचे, एवढेच आपल्या हाती.”

मग तिने जो प्रश्न विचारला, त्यासाठीच हा लेख लिहावा असे मला वाटले. ती म्हणाली, “या स्वयंपाकघरात दूध येत नाही, कारण दुधासाठी वासराला आईपासून तोडतात. आपण दूध घेता. मग कमी करीत जाण्यात ते कुठे बसते?”

मला भाषांतर करताना संकोच वाटला. आण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखले आणि म्हणाले, “ती जे म्हणाली तेच सांग.” मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प होते. त्यांच्या लहानपणी हातकणंगले भागातील शेतावर चार गाई होत्या. वासरू पिऊन झाल्यावर धार काढीत, म्हाताऱ्या गाईला मरेपर्यंत चारा मिळे. हे त्यांनी सांगितले. पुढे म्हणाले, “आता दूध पिशवीतून येते. त्या वासराचे काय होते हे मी पाहिलेले नाही. विचारलेही नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर मला लगेच देता येणार नाही, घरी जाऊन विचार करीन.”

त्या मुलीने यावर वाद वाढवला नाही. तिचे वडील म्हणाले की त्यांच्या आजीच्या घरी ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत आणि एरवी दर शुक्रवारी मांस शिजत नसे. लहानपणी ते त्यांना नकोसे वाटे. आता तसा पाळणारा घरात कोणी उरला नाही, याचे वाईट वाटते.

बिल आले तेव्हा मी हात पुढे केला. आण्णांनी मला थांबवले आणि लियाँच्या गृहस्थांना पैसे देऊ दिले. माझ्या आठवणीत धंद्यातल्या माणसाचा पाहुणचार आण्णांनी निमूटपणे स्वीकारल्याचा तो पहिला प्रसंग. बाहेर पडल्यावर म्हणाले, “एकोणीस वर्षे आपण त्यांना देतच राहिलो. त्यांना द्यायची संधी दिली नाही.” परत आल्यावर त्यांनी दूध सोडलेले नाही. मात्र आमच्याकडे दूध घालणाऱ्या माणसाच्या गोठ्यावर ते स्वतः जाऊन आले, आणि आता घरात दूध तिथूनच, जितके वासरू पिऊन उरते तितके, येते. चहा त्यामुळे दिवसातून एकदाच होतो. घरातील सर्वांना हे पटले आहे असे नाही. नातवंडांची कुरकुर चालू आहे.

फ्रान्सला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी काही गोष्टी लिहून ठेवतो. ‘शाकाहारी’ एवढ्या एका शब्दावर तेथे विसंबू नये. शाकाहारी म्हणून मिळणाऱ्या पदार्थात अंडे असते. चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट असू शकते. कोंते आणि पार्मेझान ही चीजे तर नियमानेच त्यावर बनतात. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असते, आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांचे असते. सॉसमध्ये मद्य, पेस्ट्रीवर अंड्याचा हात आणि सुपात हाडांचे पाणी असणे नित्याचे आहे. युरोपीय कायद्याने १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते. त्यांत अंडी, मासे, दूध येतात. परंतु मांस, जिलेटिन, कांदा, लसूण येत नाहीत, म्हणून ती यादी आपल्याला पुरी पडत नाही. पूर्ण वनस्पतीजन्य भोजनगृह निवडले तर यांतील बरेच प्रश्न मिटतात, पण कंद, मध, मद्य आणि साखर यांविषयी विचारावेच लागते.

पत्र फ्रेंच भाषेत, किमान पाच-सहा दिवस आधी धाडावे. नकारांच्या यादीबरोबर होकारांची यादी जोडावी, म्हणजे आचाऱ्याला काम करायला जागा मिळते. ठरलेल्या मेन्यूत ऐनवेळी बदल मागणे तेथे असभ्य समजतात आणि तो बहुधा मिळतही नाही. आरक्षण करताना अनेक ठिकाणी कार्डाचा क्रमांक घेतात आणि न कळवता गैरहजर राहिल्यास पैसे कापून घेतात. ठरवले तर वेळेवर जावे. दुपारी साडेबारा ते दोन हीच जेवणाची वेळ, नंतर स्वयंपाकघर बंद होते. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी जून महिना निवडला तर फारच सोयीचे. त्या दिवसांत पॅरिसमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रात्रीचे म्हणून जे जेवण असते तेही दिवसाउजेडी होते. आणि ज्यांचे नियम बाहेर जेवू देत नाहीत, त्यांनी डबा उघडून लक्झेम्बर्ग बागेतील खुर्चीवर बसावे. तिथे त्या खुर्च्यांना भाडे पडत नाही.

ठरल्या भावाच्या जेवणात निवड सोडावी लागते, आणि ज्यांना रोज निवडीची सवय आहे त्यांना ते कठीण जाते. आपल्या शास्त्रांत बाह्य तपाच्या सहा प्रकारांत पोटाला थोडे कमी खाणे येते, आणि आहाराच्या वस्तूंची संख्या आधीच बांधून घेणेही येते. साठ-पासष्ट युरोंच्या मेजवानीला मी तप म्हणणार नाही. तरीही पाच लहान ताटे, मध्ये पुरेसा वेळ, समोर येईल ते शांतपणे घेणे आणि तेवढ्यावर उठणे, हे आपल्या लग्नकार्यांतील शंभर पदार्थांच्या रांगेपुढे उभे राहून ताट भरण्यापेक्षा आपल्या शिकवणीच्या अधिक जवळचे वाटते. त्या रांगेत किती अन्न वाया जाते हे प्रत्येक यजमानाला ठाऊक आहे. पुढच्या हंगामात आमच्या घरी लग्न आहे. आण्णांनी केटररला आत्ताच सांगून ठेवले आहे : पंगत बसवायची, पदार्थ अकरा, आणि वाढणारा प्रत्येकाला विचारून वाढील.